जेलातो, मद्ययुक्त
जेलातो, मद्ययुक्त : अंड्यांच्या पिवळ्या बलकाच्या कस्टर्डमध्ये वाइन वा ऊर्ध्वपातित मद्य मिसळून गोठविलेला इटालियन गोड पदार्थ. जेलातो या शब्दाचा अर्थ ‘गोठविलेला’ असा आहे. आइसक्रीमच्या मानाने यात साय व हवा कमी असल्याने तो दाट लागतो. सर्वच जेलातोंत अंडी नसतात. सिसिलीत मक्याच्या पिठाने दाटपणा आणण्याची रीत आहे. मद्ययुक्त प्रकारांत सिसिलीतील मार्साला या वाइनचा झाबायोने आणि मनुका घातलेला मालागा हे परिचित आहेत.

घरी करताना ५ बलक व १३० ग्रॅ. साखर फेटून त्यांत ५०० मिलि. गरम दूध धारेने ओततात आणि मंद आचेवर ढवळत मिश्रण ८२° ते ८४° से.पर्यंत तापवितात. चमच्याच्या पाठीवर लेप बसू लागताच ते उतरवावे. याहून फार तापल्यास बलकातील प्रथिने साकळून गुठळ्या होतात. कच्च्या अंड्यातील साल्मोनेला जंतूंचा नाशही या तापनाने होत असल्याने ही पायरी गाळू नये. नंतर २०० मिलि. साय घालून मिश्रण त्वरित थंड करतात व काही तास शीतकपाटात ठेवतात.

खरी अडचण मद्याच्या प्रमाणाची असते. शुद्ध एथिल अल्कोहॉल −११४° से.ला गोठते, घरगुती शीतकपाटाचा गोठणकप्पा सुमारे −१८° से.ला असतो. सारख्याच वजनाच्या साखरेपेक्षा अल्कोहॉल मिश्रणाचा गोठणबिंदू सुमारे सातपट अधिक खाली आणते, कारण त्याचे रेणू लहान असल्याने तेवढ्याच वजनात त्यांची संख्या कितीतरी अधिक असते. वरील प्रमाणास १८ टक्के अल्कोहॉलची मार्साला १०० मिलि. किंवा ४० टक्क्यांची रम ४५ मिलि. पुरेशी होते, दोहोंतून अल्कोहॉल १८ मिलि.च येते. याच्या दुप्पट घातल्यास पदार्थ पातळ राहतो. गोड मद्य वापरल्यास साखर कमी करावी. साध्या वाइनमध्ये पाणी फार व आम्लही असते. ती आटवून, थंड झालेल्या कस्टर्डमध्येच घालावी, अन्यथा बर्फाचे खडे होतात किंवा दूध फाटते. मिश्रण फिरविण्यास बर्फ व मीठ भरलेला हाताचा पॉटही चालतो. मात्र त्यानंतर जेलातो गोठणकप्प्यात रात्रभर ठेवावा लागतो.

झाबायोनेसाठी मार्साला बलकांबरोबरच शिजवितात. तीतील सर्व अल्कोहॉल त्यामुळे उडून जाते, हा समज चुकीचा आहे. अल्पकाळ तापविल्याने त्याचा बराच भाग तसाच राहतो. मद्य वर्ज्य असणाऱ्यांना व मुलांना म्हणून हा पदार्थ देत नाहीत.