मॉस्कोचे एक कलाविद्यालय : नामांतरे आणि परंपरा

विद्यालयाचे वय नामफलकावरून मोजावे की गुरुशिष्यपरंपरेवरून, हा प्रश्न मॉस्कोच्या चित्र, शिल्प व वास्तुकला विद्यालयाच्या इतिहासाने आपल्यापुढे ठेवला आहे.

१८३२ साली काही कलाप्रेमींनी रेखाटनाच्या सरावासाठी एक वर्ग सुरू केला. १८४३ मध्ये त्याला विद्यालयाचे रूप आले आणि पुढील वर्षी ते म्यास्नित्स्काया रस्त्यावरील युश्कोव वाड्यात स्थिरावले. १८६०च्या दशकात राजवाड्याची वास्तुशाळा त्यात विलीन झाली. तेव्हापासून चित्रकार आणि वास्तुकार एकाच छपराखाली शिकू लागले.

राजधानी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत पौराणिक विषयांचा बडेजाव होता. मॉस्कोत मात्र साव्रासोव यांच्यासारखे शिक्षक विद्यार्थ्यांना उघड्या माळावर, वितळत्या बर्फाकडे घेऊन जात. त्यांचा शिष्य लेवितान हा निर्धन, पोरका, ज्यू मुलगा. शुल्क भरणे अशक्य झाले तेव्हा त्याला माफी मिळाली. पण १८७९ मध्ये ज्यू म्हणून त्याला मॉस्को सोडावे लागले. परत येऊन त्याने शिक्षण घेतले, तरी विद्यालयाने त्याला पूर्ण कलावंताची पदवी दिली नाही. १८९८ मध्ये तोच लेवितान तेथे निसर्गचित्रणाचा अध्यापक झाला!

या संस्थेच्या हातून चुका घडल्या, हे नाकारता येणार नाही. साव्रासोव यांना १८८२ मध्ये दूर करण्यात आले. १९०९ मध्ये शिल्पकार गोलुबकिना यांना राजकीय संशयावरून शिल्पशाळेत काम करण्याची अनुमती नाकारली गेली. थोर चित्रकार सेरोव यांनी त्याच्या निषेधार्थ अध्यापकपदाचा राजीनामा दिला. चूक प्रशासनाची होती. विद्यालयाची लाज एका शिक्षकाने राखली.

क्रांतीनंतर, १९१८ मध्ये, विद्यालय मुक्त कार्यशाळांत रूपांतरित झाले आणि १९२० मध्ये स्त्रोगानोव विद्यालयाच्या परंपरेशी जोडले जाऊन ‘व्हुतेमास’ जन्मास आले. येथे प्रत्येक विद्यार्थ्यास, मग तो सुतारकामाचा असो वा वास्तुकलेचा, प्रथम रंग, घनाकार, अवकाश व रेखा यांचा समान पायाभ्यास करावा लागे. रोदचेन्को, पोपोवा, लादोव्स्की हे तेथील शिक्षक. जर्मनीतील बाउहाउसची ही समकालीन संस्था १९३० मध्ये बंद करून तिचे विभाग वेगवेगळ्या संस्थांत वाटले गेले. १९३३ मध्ये आकारास आलेली मॉस्को वास्तुकला संस्था तिच्याच वारशावर उभी आहे.

फलक अनेकदा उतरले. पायाभ्यासाची कल्पना मात्र टिकली. माजी विद्यार्थ्यांनी यातून एवढेच घ्यावे : आपल्या विद्यालयाचा अभिमान बाळगताना, ज्यांना त्याने एकेकाळी दाराबाहेर ठेवले त्यांचीही नावे स्मरणात ठेवावीत.