जुने फिरते घर घेताना

बंगळूरच्या पेठांना मराठी भाषा नवी नाही. इ. स. १६३८ मध्ये हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि आजही चिकपेटेच्या परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे भेटतात. पंढरपूर, कोल्हापूर, गोवा अशा प्रवासासाठी झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले स्वतःचे वाहन असावे, ही इच्छा त्यांच्यापैकी अनेकांना होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर या प्रकाराची ओळखही वाढली आहे. नवे वाहन मात्र महाग पडते. म्हणून दृष्टी वळते ती स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या व्हॅनकडे. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम अशा खरेदीत घालण्यापूर्वी पुढील बाबी तपासून घेणे हिताचे ठरेल.

पहिली बाब नोंदणी प्रमाणपत्राची. त्यावर वाहनाचा वर्ग, बांधणीचा प्रकार, आसनसंख्या आणि वजन नमूद असते. मालवाहू किंवा प्रवासी व्हॅनमध्ये कोणी परस्पर खाटा, ओटा व पाण्याची टाकी बसविली असेल, तर कागद व प्रत्यक्ष वाहन जुळत नाहीत. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. अशा वाहनाची नोंदणी अडू शकते आणि अपघातानंतर विम्याचा दावाही वादात सापडू शकतो.

दुसरी बाब कर्जाची. वाहनावर पूर्वीच्या कर्जाचे नजरगहाण नोंदलेले असल्यास, कर्ज फिटल्याचा धनकोचा दाखला व नमुना ३५ घेऊन ती नोंद काढून घ्यावी. विक्रेत्याने 'कर्ज केव्हाच फिटले' असे तोंडी सांगणे पुरेसे नाही.

तिसरी बाब मालकीबदलाची. त्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. वाहन त्याच राज्यातील असल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. यात विक्रेत्याचेही हित आहे. मालकीबदल नोंदला गेला नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. विमा नव्या नावावर करण्यासाठी खरेदीदाराने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' मात्र त्याला मिळत नाही.

पुण्याहून किंवा बेळगावहून आणलेले वाहन, या दोहोंत येथे फरक पडतो. महाराष्ट्रातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवावयाचे असल्यास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) घेऊन येथे नवी नोंदणी करावी लागते व येथील कर भरावा लागतो. हा खर्च किमतीत धरलाच पाहिजे. बेळगावचे वाहन कर्नाटकातीलच असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. खासगी वाहनाची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. म्हणून चौदा वर्षांची व्हॅन स्वस्त का मिळते, याचे उत्तर बहुधा तारखेतच असते.

वाहन पाहताना विश्वासू मेकॅनिक सोबत असावा. खालची चौकट गंजली आहे काय, छतातून पाणी झिरपते काय, हे तपासावे. पडद्यांचे कापड चिकपेटेत, सुटे भाग जे. सी. रोडवर आणि विजेचे सामान एस. पी. रोडवर मिळते, परंतु सडलेली चौकट दुरुस्त करण्याचा खर्च खरेदीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

जुन्या वाहनासाठी कर्ज देताना बँका वाहनाचे वय व मूल्यांकन पाहतात. त्यामुळे विसार देण्यापूर्वीच नोंदणी प्रमाणपत्र व विमापत्राच्या प्रती घेऊन आपल्या शाखेत चौकशी करावी, आणि रक्कम रोखीने न देता खात्यामार्फतच द्यावी.