साकीनाक्याची खार, भीमाशंकरचा शेकरू

साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली की जरा मान वर करून बघा. रस्त्याकडेच्या बदामावरून केबलच्या वायरवर, तिथून गाळ्याच्या पत्र्यावर उडी मारणारी खार हमखास दिसेल. पाठीवरचे पट्टे मोजा. आपल्याकडे तीनपट्टी आणि पाचपट्टी अशा दोन्ही खारी आहेत. पाचपट्टीला मधल्या तीन पट्ट्यांखेरीज दोन्ही कुशींवर एकेक फिकट पट्टा जास्त असतो.

जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा हा जीव शहरात टिकला, कारण त्याचे नखरे कमी. बिया, फळे, किडे, टाकलेली पोळी, काहीही चालते. काथ्या, कापूस, चिंध्या ओढून आणायच्या आणि भिंतीच्या फटीतही घरटे थाटायचे. मुख्य म्हणजे ही खार बिनदिक्कत जमिनीवर उतरते. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून सोडलेल्या पाचपट्टी खारींनी तिथेही बस्तान बसवले!

तिच्या थोरल्या भावंडाचे, शेकरूचे, मात्र तसे नाही. टॉमस पेनंट या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १७७१ मध्ये त्याचे वर्णन ‘मुंबईची खार’ म्हणून केले. पण आपल्या या राज्यप्राण्याला भेटायचे तर भीमाशंकरसारखे रान गाठावे लागते. तिथले सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले.

दीड-दोन किलोंचा शेकरू सहसा जमिनीवर येत नाही. सहा मीटरपर्यंत झेप घेतो खरा, पण पुढे फांदी हवी. बिबट्या पोचू नये म्हणून शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर काटक्या-पानांची गोल घरटी बांधतो, तीही एकाहून अधिक. पिल्ले एखाद-दुसरीच. संशोधक रेने बोर्जेस यांनी भीमाशंकरच्या शेकरूंचा अभ्यास करताना इतर फळांच्या टंचाईत उंबरवर्गीय झाडांचे मोल तपासले. म्हणजे झाडे नुसती असून भागत नाही; ती एकमेकांना भिडलेली हवीत आणि वर्षभर काही ना काही पिकत राहायला हवे. मधली चार झाडे तोडून रस्ता काढला, की शेकरूचे रान दुभंगले.

साकीनाक्याच्या खारीचे तितके अडत नाही, पण सावली आणि घरटे तिलाही लागते. मुंबईत परवानगीशिवाय झाड तोडणे १९७५ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा सोसायटीत पावसाळ्याआधीची छाटणी निघाली, तर पालिकेची परवानगी बघा, फांद्यांत घरटे नाही ना ते तपासायला सांगा आणि दोन झाडांना जोडणारी फांदी निष्कारण तोडू देऊ नका.