आमरी झाड पोखरत नाही

सह्याद्रीतल्या जुन्या झाडांच्या फांद्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुपके दिसतात. पान एकही नसते. सुकल्यासारख्या दिसणाऱ्या कांड्या आणि त्यांच्या टोकांना फुले. ही डेंड्रोबियम बार्बाट्युलम, पश्चिम घाटात कोकणापासून केरळपर्यंत आढळणारी, जेमतेम वीत-दीड वीत उंचीची आमरी, म्हणजे ऑर्किड. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तरी आजही झाडाचा रस शोषणारे बांडगूळ समजून तिला ओरबाडून काढले जाते, आणि हौसेने घरी आणलीच तर कुंडीतल्या मातीत लावून, रोज पाणी घालून तिचा जीव घेतला जातो. ही वनस्पती पाणी कुठून घेते आणि वर्षभर कसे पुरवते, हे न पाहिल्यामुळेच या दोन्ही गोष्टी घडतात.

बांडगुळाची शोषकमुळे फांदीच्या लाकडात शिरतात आणि झाडाचे पाणी व क्षार ओढून घेतात. आमरीचे मूळ सालीला वरच्यावर चिकटते. त्याच्याभोवती मृत पेशींचे पोकळ आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, आणि पावसाची सर आली की पाणी शोषून असे पारदर्शक होते की आतला हिरवा रंग बघता बघता वर येतो. पाणी पावसाचे आणि दवाचे, क्षार सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातले आणि कुजलेल्या पाल्यातले. मग मरायला टेकलेल्या झाडांवरच आमरी जास्त का दिसते? कारण अशा झाडाची पालवी विरळ होऊन फांद्यांवर भरपूर उजेड येतो आणि जुनी खरबरीत साल ओल धरते. झाड आधी म्हातारे होते, आमरी नंतर फोफावते. गर्दी फार झाली तर भाराने एखादी कुजकी फांदी मोडेल, पण तो दोष वजनाचा.

याच मुळांना माती मानवत नाही. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. चिकट मातीत ती कुजतात. म्हणून ही आमरी आंब्याच्या किंवा फणसाच्या खरबरीत लाकडावर काथ्याने घट्ट बांधावी, आणि तीही नवे कोंब व मुळे फुटू लागतात तेव्हा, म्हणजे पावसाच्या तोंडावर. सकाळचे कोवळे ऊन, दुपारी विरळ सावली आणि खेळती हवा मिळेल अशी जागा हवी. पावसाळ्यात तिला खुशाल भिजू द्यावे. वाढीच्या काळात नेहमीच्या पाव मात्रेचे पातळ खत पुरते. खरी परीक्षा पावसानंतर असते. पाने पिवळी पडून गळू लागली की माणूस घाबरून पाणी वाढवतो, आणि नेमके तेच घातक ठरते. या कांड्या म्हणजे तिची साठवणीची कोठारे आहेत. कोरड्या दिवसांत ती त्यांवरच जगते आणि फुलतेही. तेव्हा हिवाळ्यात खत बंद करावे आणि कांड्या फारच सुरकुतल्या तर सकाळी हलका फवारा द्यावा. दुकानातल्या ऑर्किडला तर बारमाही पाणी लागते, असे कोणी म्हणेल. ते फॅलेनॉप्सिस या आमरीच्या बाबतीत खरे आहे, कारण तिला अशा साठवणीच्या कांड्या नसतात. सगळ्या आमरींना एकच नियम लावण्यात अर्थ नाही.

एका बोंडात हजारो बिया असतात, मग जंगलातून चार झुपके आणले तर बिघडते कुठे, हा युक्तिवादही टिकत नाही. धुळीएवढ्या त्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच निसर्गात त्या रुजतात, म्हणून बहुतेक वाया जातात. वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन याने १९२२ मध्ये साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय आमरीच्या बिया रुजवून दाखवल्या, आणि आज प्रयोगशाळेत रोपे तयार होतात ती याच पायावर. रोप विकत घेताना मुळे नीट पाहावीत. तुटलेली जाड मुळे, त्यांना चिकटलेली साल आणि शेवाळ दिसले तर तो झुपका बहुधा फांदीवरून उपटलेला असतो. तो घेऊ नये.