कट्यार अस्सल की नकली?

विश्रामबागेत शिक्षक आम्हांला विचारतात, जुनी कट्यार अस्सल कशी ओळखावी?

मुशीत वितळवून केलेल्या जुन्या भारतीय पोलादातील लहरींची नक्षी पात्याच्या आतपर्यंत असते. घासून सौम्य आम्ल लावल्यास ती पुन्हा उमटते; नुसती वरवर कोरलेली नक्षी पुसली जाते. (जुन्या वस्तूवर हा प्रयोग करू नये!) पोलादात मँगेनीज मुद्दाम मिसळणे १८५६ नंतर रूढ झाले. क्ष-किरणांनी पाते न खरवडता ते मोजता येते. प्रमाण जास्त आढळल्यास शंका घ्यावी.

परंतु वापरणारा कोण, हे धातू सांगत नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आणलेली वाघनखे १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनीच वापरली, याची खात्री देता येत नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयच म्हणते. त्यासाठी कागदपत्रांचा अखंड पुरावा लागतो.