पत्रे उडाले, आकड्यावर अडले

वादळात घराचे पत्रे उडाले, भिंत खचली. विमा कंपनीला कळविले, सर्व्हेअर पाहून गेला. येथवर सारे ठीक चालते. वाद पेटतो तो आकड्यावर. समजा, आपला गवंडी दुरुस्तीचे ९०,००० रुपये सांगतो आणि सर्व्हेअर ५२,००० लिहितो. लगेच आपण म्हणतो, कंपनीने बुडविले.

नेहमीच तसे नसते. गवंड्याच्या चिठ्ठीवर बहुधा एकच आकडा असतो. सर्व्हेअर मात्र पत्र्यांची संख्या, भिंतीची लांबी-उंची, सिमेंटच्या गोण्या, मजुरी असे एकेक कलम मांडतो. आधीच कुजलेले वासे तो वगळतो. पॉलिसी जुन्या धर्तीची असेल तर घसाराही कापतो. आणि चार लाखांच्या घराचा विमा दोनच लाखांचा उतरविला असेल, तर ८०,००० च्या नुकसानीचे ४०,०००च हाती येतात. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत घराला ही काटछाट लागत नाही. म्हणून आपली पॉलिसी कोणती, हे आधी वाचावे. (भुशाचा ढीग तीत आपोआप येतो असे मात्र समजू नये. पाडव्याच्या हिंगोटाची ठिणगी कोठे पडेल, कोणी सांगावे!)

तेव्हा भांडायचे ते कलमाकलमाने. दुरुस्तीपूर्वी फोटो काढावेत. मोडके पत्रे सर्व्हेअर पाहीपर्यंत भंगारात देऊ नयेत. गळतीवर ताडपत्री जरूर घालावी, पावती जपावी. दोन गवंड्यांकडून मोजमापासह, सहीचे अंदाजपत्रक घ्यावे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागावी आणि कोणते कलम सुटले, कोठे दर कमी लावला, ते कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास कळवावे. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका ट्रकच्या विम्याच्या खटल्यात सांगितले आहे. रक्कम मान्य नसेल तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या पावतीवर मुकाट्याने सही करू नये. हरकत लिहून द्यावी.

कंपनीने नकार दिला, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर वर्षाच्या आत भोपाळच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील नाही. मर्यादा ५० लाखांची. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण तेथे आधीच नेलेले प्रकरण लोकपाल घेत नाहीत. म्हणून क्रम चुकवू नये.

अर्ज लिहिणे जड वाटत असेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर पॉलिसी, फोटो व दोन्ही अंदाजपत्रके घेऊन यावे.