हरणाऱ्या संघाचे पाठीराखे

३० एप्रिल २०१७, रविवार. शिलाँगला लाजोंगविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सोडवून ऐजॉल फुटबॉल क्लबने आय-लीगचे विजेतेपद पटकावले. मिझोरामच्या डोंगरातला हा लहानसा क्लब आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले, म्हणून त्याला परत बोलावणे आले आणि त्या संधीचे त्याने सोने केले. क्रीडापानांवर ही बातमी परीकथेसारखी रंगली. त्याच गुणतक्त्याच्या तळाशी, दहा संघांत दहावे, एक नाव होते : मुंबई एफसी. तिकडे कुणाची नजर जायचे कारण नव्हते. पण गेलीच असती, तर गंमत लक्षात आली असती. ऐजॉलला शिखरावर नेणारा प्रशिक्षक खालिद जमील हा २००९ पासून सात वर्षे याच मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता आणि २०१६ मध्येच क्लबने त्याला निरोप दिला होता!

वसई-विरारहून वर्षानुवर्षे कूपरेज मैदानाची वारी करणाऱ्या मूठभर मंडळींना त्या संध्याकाळी हसावे की रडावे ते कळेना.

आता वसईकरांना मुंबईच्या संघाचे एवढे काय पडले आहे, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमची महानगरपालिका वेगळी, २०१४ पासून जिल्हाही वेगळा. पण वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाडीवाडीत, चर्च आणि शाळांच्या मैदानांवर पावसाळ्यात चिखल तुडवत फुटबॉल खेळण्याची परंपरा जुनी आहे. विश्वचषकाच्या महिन्यात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे इथल्या घरांवर फडकतात. मात्र ब्राझील चार वर्षांतून एकदा येतो आणि तोही टीव्हीवर. दर आठवड्याला जाऊन प्रत्यक्ष पाहावा, ज्याच्या खेळाडूंना नावाने हाक मारावी, असा संघ हवा तर तो चर्चगेटच्या दिशेनेच. भाजीवाल्या पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादरला जातात, कारकून आठच्या गाडीने फोर्टात जातात, तसे हे फुटबॉलवाले रविवारी कूपरेजला.

रविवारी आणि तेही पश्चिम रेल्वेवर! जम्बो ब्लॉक कुठल्या स्थानकांदरम्यान आहे ते आधी वाचायचे, मग सामना किती वाजता ते पाहायचे. गाडी धीम्या मार्गावरून वळवली की दीड तासाचे दोन तास होतात. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाला वळसा घालून झपझप चालत कूपरेज गाठायचे. पाच-एक हजार माणसे मावतील एवढेच ते मैदान. पण इथेच रोव्हर्स चषकाचे सामने होत. ही स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या पलटणींनी सुरू केली आणि ती जवळजवळ शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. जुन्या मुंबईकरांच्या तोंडून त्या गर्दीची वर्णने ऐकावीत. आमच्या वाट्याला आले ते मात्र निम्मे रिकामे स्टँड.

मुंबई एफसीची स्थापना २००७ ची. पहिला प्रशिक्षक इंग्लंडचा डेव्हिड बूथ. दुसऱ्याच वर्षी संघ दुसऱ्या श्रेणीतून वर चढला आणि २००८-०९ पासून आय-लीगमध्ये दाखल झाला. पिवळा शर्ट, पिवळे झेंडे. ढोल घेऊन येणाऱ्या पाठीराख्यांचे नावही 'यलो ब्रिगेड'. पैसा बेताचा, नामवंत खेळाडू थोडे. कोलकाता आणि गोव्याच्या श्रीमंत क्लबांपुढे उघड्यावर खेळणे परवडणारे नव्हते, म्हणून खालिद जमीलने किल्ला बंद करण्याचे धोरण धरले. सगळा संघ आपल्या अर्ध्या भागात, एखादा पुढे, आणि गोलरक्षकाच्या नावाने देवाचा धावा. गोलशून्य बरोबरी आमच्या इतकी अंगवळणी पडली होती, की मध्यंतरानंतर गोल झाला तर उगाच धसका बसायचा. आता हे राखायचे कसे?

अशा संघाचा चाहता असण्यातला आनंद बाहेरच्याला समजावून सांगणे कठीण. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल मुंबईत आले, की मुंबईतले बंगाली मोठ्या संख्येने येत आणि आपल्याच गावात आपण पाहुणे होत असू. अशा दिवशी नव्वद मिनिटे दात-ओठ खाऊन संघाने एक गुण वाचवला, की विश्वचषक जिंकल्यासारखे अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडत. परतीच्या विरार गाडीत जागा मिळाली नाही तरी चालायचे. घरी दार उघडताना प्रश्न यायचा, "जिंकले का?" "नाही, बरोबरी." "मग एवढे खूश कशाला?" याला उत्तर नसते. आणि हरून आल्यावरचा प्रश्न तर ठरलेला : "अहो, हरायचेच असते तर जाता कशाला?"

या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. जिंकणाऱ्या संघाला टाळ्या वाजवायला कुणीही येतो. हरणाऱ्या संघाला माणसे मोजून असतात, त्यामुळे आपण गेलो नाही तर एक माणूस कमी होतो, आणि ते दिसते. देवळात काकड आरतीला चारच डोकी असली, तर पाचव्याला अंथरुणात झोप लागत नाही, तसेच काहीसे.

पुढे कूपरेजचे नूतनीकरण निघाले आणि काही मोसम मुंबई एफसीचे 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत झाले. वसईहून बालेवाडी म्हणजे पहाटे निघून मध्यरात्री परत. त्या काळात बहुतेकांची वारी चुकली, आणि ती चुकली की मोडते. कूपरेज परत मिळाले, खाली हिरवे कृत्रिम गवत आले, पण सगळे जुने चेहरे परतले नाहीत. मग २०१६-१७ चा तो मोसम आला. प्रशिक्षक मोसमाच्या मध्यावरच बदलावा लागला, तरी संघ सावरला नाही.

खालच्या श्रेणीत जाणे ही काही मरणाची गोष्ट नाही. इंग्लंडात मोठमोठे क्लब खाली जातात, वर येतात. चाहते त्यांच्याबरोबर लहान गावांची मैदाने पाहून घेतात. आम्हीही तशीच मनाची तयारी केली होती. पण पुढच्या मोसमात मुंबई एफसीचा संघ कुठल्याच श्रेणीत उतरला नाही. दहा वर्षांचा क्लब, आणि निरोपाचा एक सामनासुद्धा नाही.

हरल्यामुळे असे झाले म्हणावे, तर महिंद्र युनायटेडचे उदाहरण समोर आहे. १९६२ मध्ये सुरू झालेला हा कारखान्याचा संघ. २००५-०६ च्या मोसमात त्याने राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन चषक दोन्ही जिंकले. मुंबईच्या संघाने त्याआधी राष्ट्रीय लीग कधी जिंकली नव्हती. २००८ मध्ये ड्युरँड चषकही आणला. आणि २०१० मध्ये व्यवस्थापनाने संघ बंद केला! जिंकणारा गेला, हरणाराही गेला. पराभवाचे दुःख पुढच्या रविवारपर्यंत पुरते. मालकाने दुकानाची फळी लावली, तर पुढचा रविवारच उरत नाही. माझी तक्रार हीच आहे आणि ती प्रशिक्षकाबद्दल, खेळाडूंबद्दल किंवा रेफ्रीबद्दल नाही. (रेफ्रींबद्दल वेगळा लेख लिहिता येईल.)

दरम्यान २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली होती आणि मुंबई सिटी हा नवा क्लब जन्मला होता. सिनेनट भागीदार, अनेल्कासारखा परदेशी तारा, सगळा थाट लग्नाचा. मैदान मात्र नेरूळचे. वसई ते दादर, तिथून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बर. पहिल्या मोसमात आठांत सातवे. दुसऱ्या मोसमात फातोर्ड्याला गोव्याकडून सात गोल खाल्ले, उत्तरादाखल एकही नाही. जुन्या पिवळ्या मंडळींना हे ओळखीचे वाटले असावे. कारण 'नाच-गाण्याची फुटबॉल' म्हणून नाक मुरडणारे काही जण त्यानंतरच हळूच तिकडे वळले. २०१६ पासून सामने अंधेरीला आले. ही खरी सोय. फक्त रात्री साडेनऊ-दहाला अंधेरीहून विरार गाडीत शिरणे हा स्वतंत्र खेळ आहे.

२०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी क्लबचा मोठा हिस्सा घेतला आणि चित्र पालटले. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने एटीके मोहन बागानविरुद्ध विजयी गोल केला. सात मोसम ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला. पण कोविडचे दिवस, स्टेडियम रिकामे. ढोल घरातल्या घरात वाजवला, तेव्हा खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. पुढच्या वर्षी हाच क्लब रियाधमध्ये इराकच्या वायुदलाच्या संघाला २-१ हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मे २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन दुसऱ्यांदा चषक. आता तरी स्थिरस्थावर झाले, असे वाटले.

मग २०२५ आले. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातल्या कराराचे घोडे अडले, जुलैत लीग स्थगित झाली, सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडे गेले आणि डिसेंबरात मँचेस्टरवाल्यांनी मुंबईतून पाय काढता घेतला. मुंबईच्या चाहत्याला ही चाल पाठ आहे. फळी लागण्याचा आवाज तो लांबूनही ओळखतो.

असे सगळीकडेच होते का? २००२ मध्ये इंग्लंडच्या विम्बल्डन क्लबला दूरच्या मिल्टन कीन्स शहरात हलवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून आपला क्लब नव्याने उभा केला. अगदी खालच्या पायरीपासून खेळत तो २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचला. एवढे लांब जायलाही नको, कोल्हापूर पाहावे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल : ही नावे तालमींची आहेत, कंपन्यांची नव्हेत. संघ पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवर हरला तर पेठ चार दिवस तोंड लपवते, कधी हाणामारीपर्यंत मजल जाते आणि त्याचे समर्थन कुणी करू नये. पण संघ बंद करायचा कुणी? तिथे फळी लावायला मालकच नाही. मुंबईपाशी पैसा आला, परदेशी खेळाडू आले, इराकच्या संघाला हरवण्याची ताकद आली. फक्त ही एक गोष्ट विकत मिळाली नाही.

खालिद जमीलचे मात्र चांगले झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. त्या दिवशी आमच्या वसईकर टोळक्यातल्या एकाने कपाटाच्या तळातून जुना पिवळा शर्ट काढून घातला आणि तो तसाच बाजारात गेला. भाजीवालीने विचारले, "हा कुठला संघ रे?" त्याने संघाचे नाव सांगितले. "कधी आहे त्यांची मॅच?" तिने विचारले. त्याने मुकाट्याने मेथीची जुडी उचलली.